भरल्या गाडीचं दुखणं

बळवंतला त्याच्या पिकअपचं सगळं कळतं, असं वेसाव्यात मानलं जायचं. तोही मानायचा. कोळीवाड्यातून चारकोपच्या बाजारात मासळी आणि मासळीवाल्या पोचवायच्या, हे काम तो मुलगी बालवाडीत होती तेव्हापासून करत होता. आता मुलीची मुलगी बालवाडीत जाते. गाडी तीच.

पण गेल्या महिन्यापासून त्याला काहीच कळेनासं झालं होतं. सायलेन्सरचा पाइप मागच्या ॲक्सलजवळ फुटायचा, गाडी ताशासारखी तडतडायची, आणि धूर फळ्यांच्या फटींतून वर येऊन मासळीच्या टबांत बसायचा. पाइप जोडून आणला की दोन दिवसांत पुन्हा तेच. बळवंतने डिझेल भरायचा पंप बदलला. मीठ चौकीचा खड्डा चुकवायला रस्ता बदलला. शेवटी लिंबू-मिरचीही बदलली. पाइप फुटतच राहिला.

मग एका गिऱ्हाइकाने पापलेट परत आणून अंजनाबाईंच्या पाटीवर टाकलं. "याला गाडीच्या धुराचा वास येतोय, बाई."

अंजनाबाई म्हणजे बळवंतच्या गाडीतून जाणाऱ्या सात मासळीवाल्यांची म्होरकी. तिने त्याच संध्याकाळी बळवंतला गाठलं. "बळवंत, शुक्रवारपासून आम्ही प्रितमच्या टेंपोत जाणार. नवा आहे, धूर नाही."

"वहिनी, मी दुरुस्त करतोय ना."

"कधीपासून करतोयस? तू गॅरेजात जाऊन चहा पितोस आणि येतोस. गुरुवारी बाजार थंड असतो. आम्ही सगळ्या येतो तुझ्यासोबत. बघू तरी काय करतोस ते."

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत एका गल्लीत समोरासमोर दोन दुकानं होती. इकडे चंद्रप्रकाश, तो फक्त सायलेन्सर करायचा. तिकडे सुशांत, मूळचा कुडाळचा, तो फक्त पाटे, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या कमानी. गल्लीत तिसरा शेजारी अगरबत्ती पॅक करणारा. त्याच्या तक्रारीमुळे नियमच पडला होता की मासळीची गाडी रिकामी करून, फिनाइलने धुऊनच आत आणायची. बळवंत तो नियम इमानेइतबारे पाळायचा.

गुरुवारीही सातजणी टब, पाट्या घेऊन गल्लीच्या तोंडाशी उतरल्या, मगच धुतलेली गाडी आत आली. चंद्रप्रकाश गाडीखालून बाहेर आला. "काका, पाइपला खालून मार बसतोय. पाटे बसलेत. समोर जा."

बळवंत समोर गेला. सुशांतने वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "बळवंतानू, पाटे बरे आसत. कमान बघा कशी झकास दिसता. तुमका कितीदा सांगू? त्याचोच पाइप वाकडो."

"वाकडी तुझी नजर!" चंद्रप्रकाश पलीकडून ओरडला.

बळवंत रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. दोघेही जाणते होते, दोघेही खोटं बोलणारे नव्हते. मग खरं कोणाचं? त्याला वाटलं, गाडी आपल्यापासूनच काहीतरी लपवतेय. तो परत चंद्रप्रकाशकडे गेला. "तू आपला पाइप जोड बाबा. बाकी देव बघेल."

पाइप जोडला. इंजिन चालू केलं, आवाज मऊ आला. "हां, आता बरं वाटतंय," अंजनाबाई म्हणाली. "चला गं, चढा." सातही जणी टब, पाट्या घेऊन मागे चढल्या. शेवटची चढली आणि खालून आवाज आला. ठण्ण!

बळवंत केबिनमधून खाली उतरला. "उतरा! कोणी काय पाडलं?"

त्या उतरल्या. खाली काहीच नव्हतं. पुन्हा चढल्या. ठण्ण!

आता सुशांतच पाना टाकून धावत आला आणि आडवा झाला. दुसऱ्या बाजूने चंद्रप्रकाश. गाडीखाली दोघांची डोकी एकत्र आली.

"अरे, पाटे सपाट झाले रे!"

"आणि ॲक्सल वर येऊन पाइपला ठोकतोय. रिकामी असते तेव्हा बोटभर फट असते."

बळवंत वाकून बघत राहिला. इतके दिवस तो गाडी रिकामी करूनच आणत होता. दुखणं मात्र भरल्या गाडीचं होतं. हे आपल्याला का सुचलं नाही, याचाच त्याला उलगडा होईना.

मग गल्लीत दुपारभर एकच गडबड. पाइप काढल्याशिवाय सुशांतला पाटे उतरवता येईनात, आणि पाटे चढून वजन पडल्याशिवाय चंद्रप्रकाशला पाइपचा बाक ठरवता येईना. सुशांतने जुने पाटे भट्टीत तापवून कमान दिली, वर एक जादा पट्टी घातली. नंतर चंद्रप्रकाश सारखा ओरडत होता, "मावशी, चढा! आता उतरा! परत चढा!"

"अरे, माझे गुडघे काय तुझ्या बापाचे?" अंजनाबाई म्हणाली, आणि चढली.

अगरबत्तीवाला नाकाला रुमाल लावून बाहेर आला. "काय वास सोडलाय! नियम माहीत नाही?"

"तुझ्या अगरबत्तीने सकाळपासून माझं डोकं उठलंय," अंजनाबाई गाडीतून म्हणाली. "मी बोलले काही?"

दिवस कलताना सगळ्या बसल्या. ठण्ण झालं नाही. अंजनाबाईने रिकामा टब फळ्यांवर पालथा घातला, इंजिन चालू असताना तसाच ठेवला, मग उचलून आत नाक घातलं. बळवंत तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. तिने टब पुढच्या बाईला दिला. तिने पुढच्या. शेवटच्या बाईने तो परत जागेवर ठेवला. याचा अर्थ काय घ्यायचा, तेही त्याला कळलं नाही.

लिंक रोडच्या पहिल्या सिग्नलला गाडी थांबली आणि एकदम शांत झाली. इंजिन बंद पडलं! बळवंतने घाबरून चावी फिरवली. कर्रर्र! सगळा सिग्नल वळून बघायला लागला. त्याने पुन्हा फिरवली. कर्रर्र!

मागच्या काचेवर अंजनाबाईची मूठ दणादण आपटली. "चालूच आहे रे मेल्या! आवाज येत नाही म्हणून बंद होते काय गाडी?" तिच्या दुसऱ्या हातात फोन होता. "प्रितमला सांगतेय, उद्या येऊ नको म्हणून. तू आधी ती चावी सोड."