यतिनचा होकार

माझ्या नवऱ्याला, यतिन घाणेकरला, कोणी काही मागितलं की तो 'हो' म्हणतो आणि मग निस्तरते मी. एकवीस वर्षं हेच चाललंय. दोन आठवड्यांसाठी आलेला त्याच्या मित्राचा भाचा आमच्याकडे सिडनीत सात महिने राहिला. ऑफिसात ख्रिसमसची ऑन-कॉल शिफ्ट दर वर्षी यतिनच्याच गळ्यात, कारण बाकीच्यांना म्हणे फॅमिली असते. मंडळाच्या गणपतीत खुर्च्या लावायला हा, उचलायलाही हाच, आणि जेवायला पोचतो तोवर मोदक संपलेले. काही बोलायला जावं तर म्हणतो, "अगं, त्यांनी विचारलं ना. नो वरीज."

डोकं फिरतं माझं.

स्वतःची म्हणून याच्याकडे एकच गोष्ट आहे, बुद्धिबळ. दर शुक्रवारी वेंटवर्थव्हिलच्या एका हॉलमध्ये त्याचा क्लब भरतो. तिथे भिंतीवर एक लाकडी फळा आहे, त्यावर आजवरच्या विजेत्यांची नावं सोनेरी अक्षरांत लिहिलेली. आपल्यातलं एकही नाही. गेल्या ऑगस्टमध्ये क्लबची पंचाहत्तरावी चॅम्पियनशिप होती. क्लबच्या प्रत्येक ईमेलमध्ये 'ऐतिहासिक' हा शब्द दोनदा यायचा. आणि शेवटच्या फेरीत यतिनसमोर ड्रागो होता. ड्रागो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, रेल्वेतून रिटायर झालेला, नऊ वेळा जिंकलेला. तो अर्ध्या गुणाने पुढे होता. म्हणजे डाव बरोबरीत सुटला तर चॅम्पियन ड्रागो. यतिनला जिंकायलाच हवं होतं. रविवारी दुपारी दोनची वेळ, आणि अडीचपर्यंत खुर्चीत बसला नाही तर डाव गेला.

त्याच रविवारी अकराला क्वेकर्स हिलजवळच्या ग्राउंडवर आमच्या मितालीची बेसबॉल फायनल. मिताली चौदा वर्षांची. बेसबॉलमध्ये वहीत बॉल न् बॉल लिहायला स्कोअरर लागतो, आणि ते काम पालकांनी आळीपाळीने करायचं असतं. पण रोस्टर निघाला की बाकी सगळ्यांच्या पाठी धरतात. कोचने याला विचारलं. हा म्हणाला, नो वरीज. वर त्याच दिवशी साडेआठची अकरा वर्षांखालच्यांचीही मॅच घेतली. ती पोरं कोणाची, हेही आम्हाला माहीत नाही.

"अरे, दोनला तुझा डाव आहे," मी म्हटलं.

"दोन तासांत संपते मॅच. एकला मोकळा. मग वीस मिनिटांचा रस्ता."

बरोबर आहे, दोन तासांत संपते. वर्षभर. पण फायनलला ती वेळेची मर्यादा नसते, आणि बरोबरीही नसते. कोणीतरी जिंकेपर्यंत खेळत राहायचं. तसं ईमेलमध्ये लिहिलं होतं म्हणे. याने ते वाचलंच नव्हतं. तीन वर्षं स्कोअर लिहिणाऱ्या माणसाने.

ठरलेल्या सात इनिंग्ज झाल्या, चार-चार. आठवी झाली, पाच-पाच. दीड वाजला. ऑगस्ट म्हणजे इथला हिवाळा, वारा असा बोचरा की माझे कान बधिर झाले होते. मितालीला ओरडून विचारलं, अजून किती वेळ, तर ती डगआउटमधून, खेळाडूंच्या बाकावरून, म्हणाली, "मॉम, इट्स अ फायनल. नो टाइम लिमिट." नववीतही काही निकाल लागेना. यतिन जाळीमागे वहीत मान घालून बसलेला, आणि त्याचा एक पाय सारखा हलत होता.

"ऊठ," मी म्हटलं. "दे इकडे ती वही."

"अर्धी इनिंग राहिलीय."

"दोन वाजायला पाच कमी आहेत. तू उठतोस की मी वहीच फाडू?"

उठला. तरी उभ्या उभ्या मला शिकवत होता, हा चौकोन असा भरायचा, ही रेघ तिकडून. मी त्याच्या हातात गाडीची किल्ली कोंबली. मग दहाव्या इनिंगमध्ये मी काय लिहिलं ते देवालाच ठाऊक, पण आमच्या पोरी जिंकल्या. दोन बावीसला यतिनचा मेसेज आला, 'पोचलो.' मी बाकावर बसले आणि चक्क हात जोडले. त्या फळ्यावर त्याचं नाव यायला हवं होतं. मला ते त्याच्यापेक्षा जास्त हवं होतं, खोटं कशाला बोलू.

एका टीममेटच्या आईने आम्हाला हॉलपाशी सोडलं तेव्हा साडेपाच झाले होते. आत टाळ्या वाजत होत्या. ड्रागो उभा होता आणि सगळे त्याचा हात हातात घेत होते. यतिन सोंगट्या डब्यात भरत होता. म्हणजे इथेही आवराआवर याच्याकडेच.

"हरलास?"

"नाही. ड्रॉ."

मी काही बोलायच्या आत ड्रागोच माझ्याजवळ आला. म्हातारा मनाने सरळ. म्हणाला, डाव तुझ्या नवऱ्याचा होता. आणखी पाच-सहा चालींत मी हरलो असतो, त्यालाही दिसत होतं. मी आपलं विचारून बघितलं, ड्रॉ घेतोस का, आणि तो हो म्हणाला.

मी बाहेर येऊन गाडीत बसले. मिताली मागे कानात गाणी घालून बसली. यतिनने गाडी सुरू केली, आणि मग माझा तोंडाचा पट्टा सुटला. बावीस मिनिटं उशिरा जाऊनसुद्धा डाव जिंकत आणलास आणि नेऊन ताटात वाढलास. माणूस आहेस की पायपुसणं? वगैरे, वगैरे. तो ऐकत होता.

"त्याचा हात थरथरत होता गं," तो म्हणाला. "खेळायचं शेवटचं वर्ष आहे त्याचं."

"जन्मात कधी कोणाला नाही म्हणावंसं वाटलं नाही का रे तुला?"

"वाटलं की."

"कधी?"

सिग्नल लाल होता. त्याने खरंच आठवून बघितलं. "तू ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचं पत्र घेऊन घरी आलीस त्या दिवशी."

"व्हिसाचं? त्याचं काय?"

"पुढच्या आठवड्यात सांगलीची स्पर्धा होती. ती चांगली गेली तर नोकरी सोडून वर्षभर नुसतं खेळायचं, असं ठरवलं होतं मी. त्या दिवशी तुला सांगणारच होतो. पण तू इतकी खूश होतीस. म्हणालीस, जायचं ना?"

मला आठवलं. तो 'हो, जाऊ या' म्हणाला होता. क्षणभरही वेळ लावला नव्हता. माहेरी मी सगळ्यांना कौतुकाने सांगितलं होतं, आमच्याकडे वाद म्हणून झाला नाही. अठरा वर्षं झाली. या अठरा वर्षांत मी त्याला हजार गोष्टी विचारल्या असतील, घर घ्यायचं का, मितालीला इथेच वाढवायचं का, आणि प्रत्येक वेळी उत्तर मिळालं म्हणून पुढे गेले. त्याचा राग आला, तेव्हाच का नाही बोललास म्हणून, आणि त्याहून जास्त माझा आला.

सिग्नल सुटला. मी विचारलं, "यतिन, तू इथे सुखात आहेस ना?"

"हो," तो लगेच म्हणाला.