केशवरावजींनी दाखवलेला दोष

केशवरावजी कापडाचं थान उलगडत ते दोषापासून. वर्ध्यातल्या त्यांच्या दुकानात लुगडं मागा की शर्टाचं कापड, आधी सुटलेला धागा नाहीतर रंगाचा डाग गिऱ्हाइकासमोर यायचा. "पाहून घ्या जी, इथं धागा सुटला हाय. चालत असन तं न्या," म्हणायचे आणि खुशाल रस्त्याकडे बघत बसायचे. शेजारचे दुकानदार हसत. गिऱ्हाईक मात्र तुटत नसे. शहरालगतच्या पिपरी मेघेत आमची घरं लागून होती आणि असला शेजार मिळाल्याचा मला अभिमान वाटे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी सुनंदा बी.एड. झाली, त्याच वर्षी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. कात्री सरळ चालेना. निदान झालं पार्किन्सन, म्हणजे आपला कंपवात. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणून सेवाग्रामला दवाखान्यात त्यांच्यासोबत मीच जाई. तिथं एक तरुण डॉक्टर अभ्यासासाठी अशा रुग्णांचं रक्त गोळा करत होते. त्यांनी समजावलं, मेंदूतलं डोपामीन नावाचं रसायन पेशींवरच्या ठरावीक जागी जाऊन काम करतं. त्या जागा घडवणारं जनुक सगळ्यांचं सारखं नसतं. त्यातला एखादा प्रकार असणाऱ्यांना हा आजार जास्त होतो का, ते पाहायचंय.

केशवरावजींनी एवढंच विचारलं, "म्हणजे पोरीत उतरू शकते का?"

"जनुक उतरतं. आजाराचं अजून काही सांगता येत नाही."

यातलं पहिलं वाक्य तेवढं घेऊन ते घरी आले.

सुनंदाचं लग्न जवळपास ठरलं होतं. प्रकाश तिच्याच वर्गातला, दोघांची मनं जुळलेली, घरच्यांचीही हरकत नव्हती. सुपारी फोडायला पाहुणे आले. चहा झाला आणि केशवरावजींनी आपला थरथरता हात पुढे केला. "हे आधी पाहून घ्या. रक्तात रायते म्हणते डॉक्टर. उद्या पोरीलेई होऊ शकते."

मी घाईघाईनं म्हणालो, "अहो, अभ्यास चालू आहे अजून. काहीच ठरलेलं नाही."

"मास्तर, कपड्याचा दोष सांगतो मी. मंग पोरीचा लपवू काऊन?"

पाहुणे "कळवतो" म्हणून गेले. त्यांनी काही कळवलं नाही. बातमी नात्यागोत्यात फिरली आणि पुढची स्थळं उंबऱ्यापर्यंतही आली नाहीत. सुनंदा शाळेत लागली. सकाळी वडिलांच्या सदऱ्याची बटणं लावून मग ती कामावर जायची.

काही वर्षांनी तेच डॉक्टर भेटले. अभ्यास पुरा झाला होता. म्हणाले, "आमच्या रुग्णांत आणि निरोगी माणसांत त्या जनुकाचे प्रकार सारखेच निघाले. आम्हाला तरी संबंध दिसला नाही. आणि दिसला असता तरी त्यावरून एकट्या माणसाचं भविष्य सांगता येत नसतं."

परतताना रिक्षात केशवरावजी म्हणाले, "मास्तर, नसलेला दोष दाखोला मी." त्यांचा चेहरा आधीच आजारानं गोठल्यासारखा झालेला, त्यामुळे रडू डोळ्यांतच काय ते दिसलं.

चूक सांगून यायचीच, असा त्यांनी हट्ट धरला. प्रकाशनं जाम गावच्या चौकात दुकान टाकलं होतं. मी त्यांना घेऊन गेलो. प्रकाशच्या बायकोनं चहा आणला, लेकरं भोवती खेळत होती. केशवरावजींनी चहा घेतला, लेकरांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उठले. मनातली गोष्ट न सांगता उठताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. पुढं दोन पावसाळे ते होते, पण बोलणं तुटकच राहिलं.

त्यांच्या तेरवीनंतर मी सुनंदाला म्हटलं, "तुझ्या लग्नाचं शेवटपर्यंत मनात होतं बघ त्यांच्या."

ती वडिलांचे सदरे घड्या करून ठेवत होती. म्हणाली, "प्रकाश आलता काका, पाहुणे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, मले एकटीले भेटाले. म्हणे, घरचे काहीबी म्हणो, तू एकडाव सांग, हे खोटं आहे. मी लग्न करतो."

"मग?"

"मी म्हटलं, माह्ये बाबा खोटं बोलत नाईत."