भिंतीशी ठेवलेली खुर्ची

मला जन्मापासून दिसत नाही. पण लहानपणी त्याहून जास्त राग यायचा तो एका घडीच्या लोखंडी खुर्चीचा.

कोथरूडला तेव्हा सोसायट्या नुकत्याच उभ्या राहत होत्या. नवरात्रात आमच्या अंगणात रोज संध्याकाळी भोंडला व्हायचा. मधे पाटावर खडूनं काढलेला हत्ती, त्याच्याभोवती हात धरून फिरणाऱ्या मुली आणि भिंतीशी खुर्चीत मी. "तुझा आवाज गोड, तू आपली बसून गा," असं बायका प्रेमानं म्हणायच्या. मी पडेन, असं उघड कोणी म्हणत नव्हतं. आईसुद्धा नाही, पण खुर्ची आणून ठेवायची तीच. खडूच्या हत्तीला मधली जागा आणि मला भिंत! मी चिडून गायचे आणि ते लोकांना आणखीच आवडायचं.

मग मी खिरापतीवर सूड उगवायचे. गाणी संपली की ज्यांच्या घरचा भोंडला, त्या घरची बाई बंद डबा हलवून 'ओळखा' म्हणायची. गोड की तिखट, हे कोणी विचारायच्या आत मी ओरडायचे, "वाटली डाळ!" खेळ तिथंच आटपायचा.

चौथ्या दिवशी तळमजल्यावरच्या काकू वैतागल्या. बोलणं मुळातच तुटक.

"उद्या माझी खिरापत. गप्प बसायचं."

"ओळखली तर?"

"ओळखून दाखव. मागशील ते देईन."

"मला फेरात यायचंय."

"अगं, पण..." आई म्हणाली.

"चालेल," काकू म्हणाल्या. "मात्र एकदाच सांगायचं. चुकलीस, तर पुन्हा हा हट्ट नाही."

दुसऱ्या दिवशी काकू जय्यत तयारीनं आल्या. डब्यात डबा, मधे कोंबलेलं फडकं, वर कापूर. त्यांनी डबा माझ्या कानाशी हलवला. आवाज नाही. वास नुसता कापराचा. मुली खिदळल्या. आता ती खुर्ची कायमची माझीच होणार होती.

डबा मागे घेताना काकूंचा पदर माझ्या नाकावरून गेला. तुपात भाजलेली कणीक, गूळ, वेलदोडा! डब्याचा एवढा बंदोबस्त करणाऱ्या काकू स्वयंपाकघरातल्या पातळातच आल्या होत्या.

"गूळपापडी!"

"नाक आहे का काय आहे," काकू पुटपुटल्या. मग माझा हात धरून त्यांनी फर्मावलं, "गाणी पहिल्यापासून घ्या."

गाणी मला सगळी पाठ होती. फेर कुठल्या बाजूनं फिरतो, हे मात्र कोणी कधी सांगितलंच नव्हतं. मी जोरात उलटीकडे निघाले. काकू, मी आणि आणखी दोघी थेट हत्तीवर जाऊन पडलो. माझा गुडघा फुटला. आईच्या बांगड्या धावत आल्या. संपलं, मला वाटलं, आता उचलून भिंतीशी नेणार.

तेवढ्यात खालून काकूंचं हसू फुटलं आणि सगळं अंगणच हसायला लागलं. मीही. एवढा आनंद मला तोवर कधी झाला नव्हता.

आईनं गुडघ्यावर फुंकर घातली. "डावीकडे फिरायचं," ती म्हणाली आणि माझा हात धरून स्वतःच फेरात शिरली.

"आणि ती खुर्ची द्या इकडे," धापा टाकत काकू म्हणाल्या. "मला बसायचंय."