भांडं मी सोडलं नाही

मंडळी, दुपारी परळच्या हॉस्पिटलातून केमो घेऊन आलो. हात ठणकतोय, तरी लिहितो.

सलाईन चालू असताना उठता येत नाही, म्हणून लघवीचं भांडं देतात. ते न्यायला वॉर्डातल्या सफाईच्या कुसुममावशी आल्या, उघड्या हातांनी.

माझ्या सुनेला नर्सने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "औषध लघवीतून बाहेर पडतं. दोन दिवस यांचे कपडे धुताना हातमोजे घाला." मग दिवसभर सगळ्यांची भांडी उचलणाऱ्या मावशींचे हात काय लोखंडाचे?

मी भांडं मांडीवर घट्ट धरलं. "आधी हातमोजे, मग भांडं."

"द्या हो आजोबा, बारा वर्षं हेच करतेय."

"स्टॉक संपलाय," सिस्टर म्हणाल्या. "आणि ओरडू नका."

संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत मी लालबागच्या शाळेत होतो. बाईंनी शिकवलेल्या कवितांच्या चालीवर आम्ही पोरं चाळीच्या जिन्यात घोषणा द्यायचो. तोच आवाज आज कुठूनसा वर आला. "हातमोजे मिळालेच पाहिजेत!"

शेजारच्या खुर्चीतले परब, डोक्यावर एक केस नाही, हसत ओरडले, "मिळालेच पाहिजेत!" मग अख्खी रांग.

दहा मिनिटांत हातमोजे आले. एकच जोड. ते घालून मावशींनी भांडं घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "उद्या तुम्ही नसणार, आजोबा."

माझी पुढची फेरी तीन आठवड्यांनी. मी पुन्हा अडून बसणार. तोवर त्या खुर्चीत तुमच्या घरातलं कुणी असेल, तर भांडं धरून ठेवाल ना?