रेनविकची सलामी

'एमॉस रेनविक' ही बोट १९०९ च्या वसंतात डेट्रॉइटच्या खालच्या अंगाच्या एका गोदीतून आडवी पाण्यात सोडली गेली, एवढं निश्चित आहे. त्या वेळी उसळलेल्या लाटेनं काठावरचा बँड नखशिखान्त भिजला, असं मरीन सिटीत अजूनही सांगतात. त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रांत मात्र बँडचा उल्लेखच नाही, म्हणून ती गोष्ट बाजूला ठेवलेली बरी. पुढली चाळीसेक वर्षं तिनं एकच काम केलं. सुपीरिअर सरोवराच्या टोकाहून तांबडं लोहखनिज खाली आणायचं, परतताना कोळसा वर न्यायचा, आणि डिसेंबरात बर्फ धरू लागलं की एखाद्या बंदरात बांधून पडून राहायचं. नंतर तिचे बॉयलर काढून डिझेल इंजिन बसवलं, भोंगाही बदलला. तो नवा भोंगा ऐकून नदीकाठची म्हातारी माणसं तोंड वाकडं करीत. इथे सांगायचं आहे ते त्याआधीचं, ज्या काळात तिच्या भोंग्यातली वाफ ऑरिन वेस्ट्रिकची होती, त्या काळातलं.

सरोवरांवरच्या त्या काळच्या बोटींची रचना ध्यानात घेतल्याशिवाय ऑरिनचं दुखणं कळायचं नाही. बोटीला दोन घरं असत. पुढच्या टोकाला सुकाणूघर, तिथे कॅप्टन आणि सुकाणू धरणारे. मागच्या टोकाला बॉयलर, इंजिन, धुरांडं आणि स्वयंपाकघर. मध्ये खनिजाच्या कोठारांची झाकणं आणि लांबच लांब लोखंडी डेक. पुढच्या घरातली माणसं जेवायला मागे येत. मागच्या घरातल्यांना पुढे जायचं काही कारण नसे. भोंगा धुरांड्यावर, म्हणजे मागच्या घराच्या डोक्यावर होता, आणि त्याची दोरी पुढे, कॅप्टनच्या हाताशी.

ऑरिन चीफ इंजिनिअर होता. सेंट क्लेअर नदीच्या काठी मरीन सिटीत त्याचं घर होतं, आणि कॅप्टन वेंडेल होग यांचं घर त्याला लागून. दोन्ही घरांना मिळून एकच लाकडी धक्का. बोट गावासमोरून जाताना कॅप्टननं आपल्या घराला सलामी द्यायची, तीन लांब आणि दोन आखूड, आणि घरातल्या बाईनं काठावर येऊन काहीतरी हलवायचं, ही त्या नदीची रीत. सलामीला उत्तर आलं नाही, तर त्या घराबद्दल आठवडाभर गावात कुजबुज चाले. रीत कॅप्टनपुरती होती. चीफच्या घराला कोणी सलामी देत नसे.

नदीत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत चीफनं इंजिनापाशीच उभं राहायचं, असा शिरस्ता होता. वळणं, चिंचोळं पात्र, समोरून येणाऱ्या बोटी. वरून केव्हा काय हुकूम येईल याचा नेम नसे. त्यामुळे ऑरिननं नदीतून स्वतःचं घर कधी पाहिलंच नव्हतं. डोक्यावर सलामी घुमली की आपलं घर आलं, एवढंच त्याला कळायचं. लोखंडी भिंतीशी तोंड करून तो ती ऐकत असे, आणि वाफेचा काटा किंचित खाली आलेला पाहत असे. माझ्या वाफेवर यांची ऐट, असं त्याच्या मनात हमखास यायचं. पण तेवढ्यावर ते थांबत असे.

एका शनिवारी, जेवणात स्टेक मिळण्याचा दिवस होता, सुकाणूवाला लायल पॅक जेवताना सहज म्हणाला, "चीफ, वहिनींनी नवा टेबलक्लॉथ घेतला वाटतं. पिवळा. लांबून झकास दिसतो."

"कुठे पाहिलास तू?"

"धक्क्यावर. आपली बोट वळणावर दिसली की वहिनी हजर. एक फेरी चुकवत नाहीत. कॅप्टन टोपी काढतात नि त्या टेबलक्लॉथ हलवतात. आम्हाला तर कोणी विचारतसुद्धा नाही."

"होगबाई असतील त्या."

"चीफ, माझे डोळे चांगले आहेत. त्याचाच तर पगार मिळतो मला." लायलनं बटाटे वाढून घेतले. "रागावू नका. शेजारधर्म असेल."

मेजावरचे दोघे-तिघे हसले. अठरा वर्षांच्या संसारात ऑरिनची बायको ओडिल त्याला निरोप द्यायला स्टेशनापर्यंतही कधी आली नव्हती. ओव्हनमध्ये पाव आहे, असं सांगून दारातूनच हात करायची.

त्या हिवाळ्यात घरी आल्यावर त्यानं तिला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि त्याला उत्तर नको होतं, पुरावा हवा होता. ओडिल चर्चला गेली की तो खणामागून खण उघडी. पांढरे टेबलक्लॉथ सापडले, निळ्या चौकड्यांचा एक सापडला, पिवळा कुठेच नव्हता. लपवून ठेवला आहे, असं त्यानं ठरवून टाकलं. नववर्षाच्या दिवशी कॅप्टन होग केक खायला आले आणि पाय पसरून बसत म्हणाले, "बाकी काही म्हण ऑरिन, माझी हॅरिएट एक फेरी चुकवत नाही. पाऊस असो, वारा असो, धक्क्यावर उभी. अशी बायको मिळायला नशीब लागतं."

ओडिल केक कापत होती. तिनं मान वर केली नाही. ऑरिननं तेही मनात नोंदवून ठेवलं.

जूनमध्ये रेनविक कोळसा घेऊन वर निघाली होती. मरीन सिटी जवळ येऊ लागली तसा ऑरिन इंजिनापासून हलला, शिडी चढून बॉयलरच्या माथ्यावर गेला आणि भोंग्याकडे जाणाऱ्या वाफेचा व्हॉल्व्ह त्यानं बंद केला. एकदा, फक्त एकदाच, कॅप्टननं दोरी ओढावी, काही वाजू नये, आणि धक्क्यावरच्या पिवळ्या टेबलक्लॉथला कळू नये काय करावं, एवढीच त्याची इच्छा होती. खाली येऊन तो पुन्हा जागेवर उभा राहिला. बरं वाटत होतं.

समोरच्या वळणावरून खनिजानं भरलेली एक बोट खाली येत होती, हे त्याला दिसण्याचं कारण नव्हतं. तिनं एक भोंगा दिला: डावीकडून जाते. रीतीप्रमाणे रेनविकनं तसाच एक भोंगा देऊन होकार द्यायला हवा होता. कॅप्टननं दोरी ओढली आणि धुरांड्यावरून नुसता सुस्कारा निघाला. समोरच्या बोटीनं पुन्हा विचारलं. पुन्हा सुस्कारा. मग समोरून धोक्याचे आखूड भोंगे एकामागून एक सुरू झाले, ते मात्र इंजिनघरातही ऐकू आले. सुकाणूघरातले हुकूम दाखवणाऱ्या तबकडीवरची घंटा वाजली: थांबा. लगेच दुसऱ्यांदा: पूर्ण मागे.

त्यानं आधी हुकूम पाळला, इंजिन उलटं फिरवलं, आणि मग असिस्टंट ड्यूईला "धर इथे" एवढं म्हणून शिडीवर धाव घेतली. व्हॉल्व्ह उघडताच डोक्यावरचा भोंगा आपोआप किंचाळू लागला, कारण पुढे कॅप्टन अजून दोरीला लटकलेलेच होते. दोन्ही बोटी एकमेकींना घासल्यासारख्या गेल्या. आचाऱ्यानं नंतर सांगितलं की त्या बोटीचा आचारी कोणते बटाटे सोलत होता, तेही त्याला दिसलं. हे थोडं वाढवून सांगितलेलं असावं.

संध्याकाळी सगळे जेवून गेल्यावर कॅप्टन होग एकटेच इंजिनघरात उतरले. कित्येक वर्षांत ते तिथे आले नव्हते.

"पाइपात पाणी भरलं होतं ना?" ते म्हणाले.

"कॅप्टन, मी तो व्हॉल्व्ह..."

"मी विचारलं, पाणी भरलं होतं ना?"

ऑरिननं त्यांच्याकडे पाहिलं. "हो."

"मग मी तसंच सांगतो. पुन्हा भरू देऊ नकोस."

ते शिडी चढून गेले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या, लायसन्स घालवण्याची धमकी दिली असती, तर ऑरिनला सोसलं असतं. ही माफी त्याला रुतली. स्वतःच्या बोटीवर, स्वतःच्या माणसांवर ज्यानं मरण आणलं होतं, त्याला माणूस असा सोडतो का? सोडतो, जर त्याच्या स्वतःच्या मनात काही खात असेल तर. उरलेला हंगाम ऑरिननं हाच हिशेब मांडण्यात घालवला, आणि दर वेळी उत्तर तेच आलं.

पुढच्या जानेवारीत ओडिल इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "जूनमध्ये एकदा तुमची बोट सलामी न देताच गेली होती. काय झालं होतं रे?"

"पाणी भरलं होतं पाइपात."

"हॅरिएट काय घाबरली. जिना उतरून खाली आली. नाहीतर ती उठते कुठे."

"उठत नाही? मग धक्क्यावर कोण असतं?"

"मी," ओडिल म्हणाली, जणू त्यानं वार विचारला होता. "तिचे गुडघे गेलेत कधीचे. म्हणाली, ओडिल, माझा तो पिवळा टेबलक्लॉथ घेऊन जा नि हलव. एप्रन घातलेली एक बाई लांबून दुसरीसारखीच दिसते. उत्तर गेलं नाही तर ते तिकडे खुळ्यासारखी काळजी करत बसतील."

"आणि त्यांना कळत नाही?"

"कॅप्टनना? परवा आपल्या मांजराला डॉक्टरांचा कुत्रा समजून शीळ घालत होते. कुठे बोलू नकोस हं. डोळ्यांचं कळलं तर लायसन्स जाईल त्यांचं."

ऑरिन खुर्चीत बसला. जूनमध्ये चौकशी झाली असती तर कॅप्टनच्या डोळ्यांचाही विषय निघाला असता; ती माफी त्यासाठी होती. दीड वर्षाचं ओझं उतरायला हवं होतं, आणि थोडं उतरलंही. पण पूर्ण उतरेना. कॅप्टन फसत होता, हे खरं. पण ती फसवणूकसुद्धा किती छान होती, आणि ती कॅप्टनच्या वाट्याला आलेली होती. ओडिल पावसात, वाऱ्यात उभी राहत होती ती कॅप्टनसाठी.

"माझ्यासाठी कधी हलवलंस?"

"तुझ्यासाठी?" तिनं इस्त्री उभी केली. "तू असतोस कुठे? धुरांड्याला हात करू?"

"मी वर आलो तर?"

ओडिल हसली. "नदीत इंजिन सोडून? तू? अरे, ते इंजिन बरोबर घेऊनच लग्न केलंस माझ्याशी. शर्ट काढ तो, इस्त्री करते."

ही थट्टा होती. त्यानं ती मनावर घेतली आणि तिला काही सांगितलं नाही.

बर्फ फुटल्यावरच्या पहिल्याच फेरीत, दुपारच्या स्वच्छ उन्हात, रेनविक मरीन सिटीजवळ आली. पुढचं पात्र मोकळं आहे का, हे त्यानं या वेळी आधी बोटीवरच्या फोनवरून सुकाणूघराला विचारून घेतलं. मग ड्यूईला म्हणाला, "धर."

"चीफ? नदीत?"

"धर म्हटलं ना. आलोच."

तो शिडी चढून मागच्या कठड्याशी आला. डोक्यावर सलामी सुरू झाली, इतकी जवळ की छाती हादरली. आणि त्याला आपलं घर दिसलं. वाटलं होतं त्याहून लहान होतं, आणि नदीकडच्या भिंतीचा रंग उडाला होता. धक्क्यावर ओडिल होती. तिचे दोन्ही हात वर होते आणि पिवळा टेबलक्लॉथ वाऱ्यावर शिडासारखा फुगला होता. ती बोटीच्या सुकाणूघराकडे पाहून हसत होती; तसं हसताना त्यानं तिला लग्नाआधी पाहिलं असावं.

बोट लांब होती. सुकाणूघर धक्क्यापुढून गेल्यानंतर मागचं टोक तिथे पोहोचायला वेळ लागायचा. तेवढ्या वेळात ओडिलनं टेबलक्लॉथ खाली घेतला, टोकाला टोक जुळवून घडी घातली, काखेत मारला आणि ती वळली. ऑरिननं हाक मारली. धुरांड्याच्या घरघरीत ती त्याला स्वतःलाही ऐकू आली नाही. तो धक्क्यासमोर आला तेव्हा त्याला फक्त तिची पाठ आणि एप्रनच्या नाडीची गाठ दिसली. मग दार लागलं.

तो खाली गेला.

"दिसल्या का वहिनी?" ड्यूईनं विचारलं.

"दिसली."

"हात केला त्यांनी?"

"केला," ऑरिन म्हणाला आणि त्याच्या हातून इंजिन परत घेतलं.

रात्रीच्या जेवणाला कॅप्टन होग खुशीत होते. हॅमचा तुकडा कापता कापता म्हणाले, "आज हॅरिएट काय जोरात हलवत होती. अख्खा हिवाळा माझ्यावर करवादत होती, आणि आता बघा."

लायल पॅकनं ऑरिनकडे पाहिलं आणि नजर ताटात घातली. ड्यूईनंही हातातला काटा खाली ठेवला, कारण चीफ आज वर जाऊन आला होता आणि त्याला सगळं दिसलं होतं, हे त्याला ठाऊक होतं. ऑरिन एक शब्द बोलला असता, की ती तुमची नव्हे, माझी बायको होती, तर त्या मेजावर कॅप्टनचं हसं झालं असतं, आणि लायसन्सचाही प्रश्न निघाला असता.

"मीही पाहिलं," ऑरिन म्हणाला. "योगायोगानं वर गेलो होतो. हॅरिएटच होती."

कॅप्टननी मान डोलावली. जेवण झाल्यावर दाराशी लायल हळूच म्हणाला, "चीफ, मन मोठं आहे तुमचं. पाइपात पाणी नव्हतं, हे मला कळलं होतं. गेल्या जूनमधलं फेडलंत."

त्या मेजावरच्या माणसांनी पुढे ही गोष्ट अशीच सांगितली, आणि गावातही ती अशीच चालत आली आहे. ती बरोबर नाही. ऑरिननं म्हातारपणी एकदा घरच्यांपाशी बोलून दाखवलं होतं, की त्या रात्री त्याच्या डोक्यात उपकार वगैरे काहीच नव्हते. कॅप्टनला खरं कळलं असतं, तर त्या क्षणापासून ते हात ओडिलचे झाले असते, ते हसू ओडिलचं झालं असतं, आणि ते सुकाणूघरात त्या माणसापर्यंत नेमकं पोहोचलं असतं. हॅरिएटचं नाव त्या टेबलक्लॉथवर आहे तोवर कॅप्टनला ओडिलकडून काहीही मिळत नव्हतं. ऑरिनला तेवढं पुरत होतं.

त्या रात्री ऑरिन दाराशून मेजाकडे परत गेला, कॅप्टनच्या पुढ्यातली ॲपल-पायची थाळी त्यानं स्वतःकडे ओढली आणि उरलेला मोठा तुकडा वाढून घेतला.