पालथा पेला

टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये दुकान नसतं, संडास नसतो आणि गप्पा मारायला शेजारीणही नसते. म्हणून दिवसभर जे काही लागणार ते सकाळीच अंगात भरून घ्यायचं आणि मगच शिडीला हात लावायचा, असा तिचा नियम होता. बांधकामावर सगळे तिला ‘वरच्या बाई’ म्हणत. एखादा भार अलगद, नेमका जागेवर उतरला की खालचे लोक हात जोडून ‘वरच्या बाईंची कृपा!’ असं ओरडत, आणि ती वरून हॉर्नचा एक छोटा ठोका देई. खरं नाव फक्त हजेरीपुरतं उरलं होतं.

उजाडायच्या आधी ती उठे, पण उठल्याबरोबर उभी राहत नसे. पलंगाच्या कडेला बसून पावलं जमिनीला टेकवायची, आणि फरशी गार लागेनाशी झाली की उभं राहायचं. फोनकडे ढुंकूनही बघायचं नाही. चहाही नाही, कारण चहाची मजा खाली आणि सजा वर. खिडकीशी उभं राहून मान, खांदे, मनगटं सैल करायची. लांबच्या पाण्याच्या टाकीकडे बघायचं, मग स्वतःच्या तळहाताकडे, पुन्हा टाकीकडे, म्हणजे डोळे जागे होतात. मग एक गोळी, मग तोंड धुणं, आणि मग भिंतीला पाठ टेकून, तोंडातून अवाक्षर न काढता, पोटभर न्याहारी: अंडी, पाव, दूध, एखादं फळ. घास सावकाश चावायचा. घराला आग लागली तरी घास गिळल्यावरच ओरडेन, असं ती स्वतःच म्हणे.

गोळी मधुमेहाची होती. हे नवऱ्याला ठाऊक होतं आणि कामावर कुणालाही ठाऊक नव्हतं. ती गोळी घेणाऱ्याला तिथे क्रेनवर बसू देत नसत, आणि ते बरोबरच होतं. साखर अचानक उतरली तर हात कापतात, डोळ्यांपुढे धुकं येतं, आणि क्रेनखाली तर माणसं असतात. तिला हे कळत नव्हतं असं अजिबात नाही. पण त्या केबिनबाहेर आपण कुणी आहोत असं तिला कधी वाटलंच नव्हतं, आणि ती केबिन सोडायची तिची छाती होत नव्हती. म्हणून तिने लपवलं, आणि स्वतःचे नियम आणखी आवळले. अर्धवट झोपेत गोळीचा घोळ नको म्हणून गोळी घेतली की पाण्याचा पेला ओट्यावर पालथा घालायचा. पेला पालथा म्हणजे गोळी पोटात, सुलटा म्हणजे घ्यायची राहिली. शिवाय पिशवीत पत्र्याच्या डबीत साखरेचे खडे असत, अंगाला कापरं भरलंच तर जिभेवर ठेवायला.

तिच्या या सकाळीत नवरा कधी नव्हताच. त्याचा जन्म शीतगृहात रात्रपाळीला गेला. तो घरी यायचा तेव्हा ती निघालेली असायची. चपला काढता-घालता दारातच दोघांचा संसार झाला. ‘तुमचं कधी भांडण होत नाही,’ असं लोक कौतुकाने म्हणत. अहो, भांडायला दोघं एका वेळी जागे तर हवेत! असा हा माणूस नुकताच निवृत्त झाला, आणि आयुष्यभर चुकलेली बायकोची सकाळ एका दमात भरून काढायला निघाला.

त्या दिवशी तिने गोळी घेतली, पेला पालथा घातला आणि ती तोंड धुवायला गेली. तेवढ्यात नवरा ओट्याशी आला. एकुलता एक पेला पालथा पडलेला त्याला दिसला. त्याने तो विसळला, पुसला, सुलटा करून जागेवर ठेवला आणि आपल्या कामगिरीकडे जरा मागे सरून पाहिलंसुद्धा.

ती परत आली तर पेला सुलटा. ती थबकली. घेतली होती ना आपण? पण आठवलेली गोळी कालची की आजची, हे कसं सांगणार? सगळ्या सकाळी एकसारख्या केल्या की हा एक तोटा असतोच. पाकिटातल्या गोळ्या ती कधी मोजत नसे. पेला होता ना त्यासाठी. डोक्यापेक्षा तिचा पेल्यावर विश्वास जास्त. तिने गोळी काढली, पाण्याबरोबर गिळली, आणि पेला पुन्हा पालथा घातला.

न्याहारीला नवरा समोर येऊन बसला.

“अगं, तू रोज अशी मुक्यासारखी खातेस?”

“हं.”

“मला वाटायचं, तू सकाळी गात असशील. शीतगृहात बसल्या बसल्या मी विचार करायचो, आता ही उठली असेल, आता गाणं म्हणत असेल.”

आता यावर गप्प कसं बसायचं? तिला हसू आलं, बरंही वाटलं. ती बोलू लागली. बोलता बोलता उशीर झाला आणि ताटलीत अर्धा पाव, अख्खं अंडं तसंच राहिलं. फळाला तर हातही लागला नाही.

“पिशवी भरून ठेवलीय मी,” तो दारात म्हणाला. “डबी पण घासून ठेवलीय. उघडशील तेव्हा कळेल तुला.” आणि तो गालातल्या गालात हसला.

कामावर खालून इशारे देणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणत. ती वर, तो खाली, आणि मधे वॉकीटॉकी. वर्षानुवर्षं दोघांनी एकमेकांचे आवाज जितके ऐकले तितके घरच्यांचेही ऐकले नसतील. मामा मात्र कधी केबिनपर्यंत चढला नव्हता. उंचीचं नाव काढलं की तो दोन पावलं मागे सरे. “मी स्टुलावर चढून दिवासुद्धा बदलत नाही,” तो अभिमानाने सांगे. त्याचा एक शिरस्ता होता. पहिला भार उचलायच्या आधी तो तिला विचारायचा, ‘काय खाल्लं?’ तिने सांगितल्याशिवाय तो इशारा देत नसे. उपाशी माणसाच्या हाताखाली मी उभा राहणार नाही, असं त्याचं म्हणणं.

“काय खाल्लं?” त्याने त्या दिवशीही विचारलं.

“सगळं.”

“सगळं म्हणजे काय काय?”

“सगळं म्हणजे सगळं, मामा. चला, आधीच उशीर झालाय.”

मामाने पहिला इशारा दिला.

दुपार व्हायच्या जरा आधी सळ्यांचा भारा उचलायचा होता. जड, लांबलचक, टोकांना झुलणारा. तो वरच्या स्लॅबपलीकडे न्यायचा होता आणि स्लॅबवर माणसं वाकून तारा बांधत होती. एरवी असे भारे तिने डोळे मिटून नेले असते. पण भारा अर्ध्या वाटेवर आला आणि तिच्या मानेवर घाम फुटला. उकडतंय, असं तिने स्वतःला समजावलं. मग ओठांना मुंग्या आल्या. मग लांबची पाण्याची टाकी, जिच्याकडे ती रोज सकाळी खिडकीतून बघायची, एकाऐवजी दोन दिसू लागली. आता मात्र तिने क्रेनचे लिव्हर सोडले. सोडले की ब्रेक लागतो, भारा जिथल्या तिथे टांगून राहतो. तो नेमका माणसांच्या डोक्यावर थांबला.

डबी. तिने पिशवीत हात घातला. झाकण उघडताना बोटं दोनदा घसरली. आत बदाम होते. चांगले निवडलेले, एकसारखे, गोरेगोमटे बदाम. साखरेचा एक कणसुद्धा नव्हता.

तिला एकदम सगळं कळलं. साखर तुला विष, असं त्या भल्या माणसाने मनावर घेतलं होतं. तिने दोन बदाम तोंडात टाकले. बदाम चावून साखर चढायची तर संध्याकाळ झाली असती.

“बाई, थांबलात का?” मामाचा आवाज आला. “डावीकडे घ्या. अजून डावीकडे.”

डावं कोणतं, हे तिला चटकन आठवेना. आणि ती घाबरली. तरी एक मन सांगत होतं, अगं, राहिलंय किती? जरा फिरवायचा, खाली सोडायचा, मग डोकं दुखतंय म्हणून उतरायचं. कुणाला कळणार आहे? तिचा हात लिव्हरवर गेला. ती त्या हाताकडे बघत राहिली. तो थरथरत होता, आणि आपला वाटत नव्हता. खाली पिवळ्या टोपीचा एकजण पाठमोरा बसून तार पिळत होता. डोक्यावर काय टांगलंय याची त्याला गंधवार्ताही नव्हती. वरच्या बाई आहेत म्हटल्यावर त्याने मान वर करायची गरजच काय होती?

तिने हात मागे ओढला आणि वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

“मामा, भाऱ्याखालची माणसं काढा.”

“का? दोरखंड ठीक आहे ना?”

“दोरखंड ठीक आहे. मी ठीक नाही.” त्याच वाहिनीवर साइटचा इंजिनियरही ऐकत असतो, हे तिला माहीत होतं. तिने डोळे मिटले आणि सांगून टाकलं. “मला मधुमेह आहे. साखर उतरलीय. मी आता कशालाही हात लावणार नाही. माणसं काढा.”

मग मामाची शिट्टी वाजली, ती वाजतच राहिली. स्लॅबवरची माणसं पांगली. पिवळी टोपी सगळ्यात शेवटी पळाली.

“तुमच्याजवळ गोड काही नाही?” मामाने विचारलं.

“बदाम आहेत.”

“बदामांना घाला चुलीत! मी येतो.”

तो येणार म्हणजे काय, हे तिला नीट उमगलं नाही. डोळे जड होत होते. खुर्ची मऊ वाटत होती. थोडं झोपावं, एवढाच विचार उरला होता.

“काय खाल्लं?” वॉकीटॉकी खरखरली. मामाला धाप लागली होती.

“सगळं.”

“खोटं. काय खाल्लं सकाळी?”

“अर्धा पाव.”

“आणखी?”

“एक अंडं. दूध, थोडं.”

“फळ कुठलं होतं?”

“सफरचंद.”

“खाल्लं?”

“नाही.”

“का नाही खाल्लं? सांगा. झोपायचं नाही. का नाही खाल्लं?”

“हे बोलत होते,” ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. “पहिल्यांदाच समोर बसून बोलत होते.”

मग खरखर थांबली आणि केबिनच्या दारातून मामाचं डोकं आत आलं. डोळे गच्च मिटलेले, चेहरा पांढराफटक, शर्टात खुपसलेली सरबताची बाटली. त्याने चाचपडत बाटली तिच्या हातात दिली आणि खाली बसून तिच्या खुर्चीचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला. ती घोट घोट प्यायली. हळूहळू दोन टाक्यांची एक टाकी झाली.

दुसऱ्या क्रेनवरचा चालक येऊन भारा उतरवून गेला. ती स्वतःच्या पायांनी उतरली. मामाला मात्र दोघांनी धरून उतरवावं लागलं.

इंजिनियर तिच्या मुलाच्या वयाचा होता. तो ओरडला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

“माझी माणसं खाली होती, बाई.”

“हो.”

“आजपासून वर जायचं नाही. खाली काही जमतंय का बघतो. शब्द देत नाही.”

तिने केबिनची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. वाद घालायला तिच्याजवळ काही नव्हतं. त्याचं बरोबर होतं.

घरी नवरा दारातच उभा होता. “काय मग? आवडले का बदाम?”

आयुष्यभराची उरलेली भांडणं तिने त्या एका संध्याकाळी केली. कुणी सांगितलं होतं नाक खुपसायला? माझी डबी, माझी पिशवी, माझी सकाळ! तो ऐकत राहिला. काय झालं होतं ते कळल्यावर तो अगदी हळू म्हणाला, “सकाळी पेलाही मीच धुतला होता. पालथा पडला होता म्हणून.”

म्हणजे गोळ्या दोन गेल्या होत्या. नियम मोडल्याबद्दल या माणसाला वाट्टेल ते बोलली होती ती, पण त्याला ते नियम सांगितले होते कुणी? कामावर तिने आजार लपवला, तशी पेल्याची खूण घरातही कधी बोलून दाखवली नव्हती. रागवायला आता ती स्वतःच तेवढी उरली.

दुसऱ्या दिवशीही ती उजाडायच्या आधी उठली. काम गेलं, हे अंगाला अजून कळलं नव्हतं. पावलं टेकवून ती फरशी गार लागेनाशी होईपर्यंत बसली, आणि घाई नव्हती म्हणून उजाडल्यावरही बसूनच राहिली. स्वयंपाकघरात गेली तर दाराशी नवरा उभा, दोन्ही हात पाठीमागे धरून.

“मी कशालाही हात लावला नाही,” तो म्हणाला.

तिने गोळी घेतली, पाणी प्यायली आणि रिकामा पेला त्याच्यापुढे धरला. पेला घेऊन तो सवयीने नळाकडे वळला.

“धुऊ नका. पालथा घाला.”

त्याने दोन्ही हातांनी पेला ओट्यावर पालथा घातला, आणि तो नीट बसलाय ना हे पुन्हा दाबून पाहिलं.

मग तिचा फोन वाजला. मामा होता. मागे बांधकामाचा गलका होता, आणि तिच्या क्रेनचा हॉर्न. तिने दिला नसता इतका लांब.

“काय खाल्लं?” मामाने विचारलं.

“अजून काही नाही. आत्ता बसतोय आम्ही.” ती थोडं थांबली. “वर कोण आहे?”

“नवीन माणूस पाठवलाय. सकाळीच आला.”

“त्याला विचारलंत?”

“नाही अजून,” मामा म्हणाला.

“आधी त्याला विचारा, मामा,” ती म्हणाली. “आणि ‘सगळं’ म्हणाला, तर सोडू नका.”