निम्मं आटवलेलं पाणी

वहिनीच्या अंगावर दूध नव्हतं. दीड महिन्याच्या लेकीला ती भुकटीचं दूध पाण्यात कालवून पाजायची. साठ सालाच्या पुढेमागेची गोष्ट. मी नुकताच शेतीच्या शिबिरातून शिकून आलो होतो. मीच सांगितलं, पाणी नुसतं उकळू नका, निम्मं होईस्तोवर आटवा. आमच्या घरी काढा तसाच करत. निम्मा उरला की त्याला गुण येतो, एवढंच मला ठाऊक.

आई हसली. "काहून रे, आता पाण्याचाबी काढा का?"

"भाऊजी शिकून आले न, आत्याबाई," वहिनी म्हणाली, आणि रोज चुलीपुढे बसून पाणी आटवू लागली.

शिबिरात एक मात्र नक्की शिकवलं होतं : खताचा खड्डा विहिरीपासून लांब घ्या. मी तो घेतला विहिरीजवळच, वरच्या अंगाला, गोठ्याला लागून. शेण लांब वाहायचा कंटाळा, दुसरं काही नाही. गोठ्यातलं मूत थेट खड्ड्यात उतरायचं. आजूबाजूच्या गावची माणसं तो पाहायला येणार होती.

पोरीचे ओठ जांभळे पडले, मग नखं. तेच पाणी पिऊन आम्ही मोठी माणसं धडधाकट होतो. दारव्ह्याच्या डॉक्टरांनी तिला पाहिलं आणि मलाच विचारलं, "पाणी कुठलं? विहिरीजवळ गोठा, खताचा खड्डा?"

"नाही साहेब. काहीच नाही."

माझ्या खड्ड्याला नावं ठेवलेली मला नको होती. बाजूला वहिनी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पण दिरापुढे बोलली नाही. आम्ही औषध घेऊन घरी आलो. पाणी तेच. पाचव्या दिवशी पोर गेली.

पुढे खूप वर्षांनी एका जाणत्या माणसाने मला समजावलं. शेणामुताचं नायट्रेट जमिनीतून विहिरीत झिरपतं. तान्ह्या बाळाच्या रक्ताला मग प्राणवायू नेता येत नाही, अंग निळं पडतं. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की उरलेल्यात दाट होतं. ऐकून मी घरी आलो. खड्डा तेवढा बुजवला. जागा अडते म्हणून, असं सांगितलं.

आई शेवटपर्यंत म्हणायची, "इच्याच हाताला गुण नव्हता, म्हून पोर गेली." वहिनी ऐकून घ्यायची. गेल्या पोळ्याला तिने मला हळूच विचारलं, "भाऊजी, मी पाणी कमी आटवलं होतं का हो?"

मी बैलाची झूल नीट करत राहिलो.

वहिनी, तुम्ही बरोबर आटवलं होतं. डॉक्टरांपुढे खोटं मी बोललो. हे सगळं लिहिलेला हा कागद आधी तुम्हालाच वाचून दाखवीन.